पाय दोन बोटं वाढवून मिळेल

पोस्टमनचा डावा पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन बोटं वाढला, तेव्हा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खाली पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे काय कोसळलं ते बघायला जिना चढून आले. वर येऊन त्यांनी विचारपूस केली आणि तेही रांगेत उभे राहिले.

घडलं होतं ते असं. हॉलच्या मधोमध एक उंच, अरुंद टेबल. त्यावर पोस्टमन उताणा झोपलेला, पायांत नोकरीचे काळे बूट. त्याच्या पायांशी एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस उभा. अंगात पांढरा, एकावर एक पदर घेतलेला सदरा, कमरेला काळा पट्टा आणि स्वतः अनवाणी. त्याने पोस्टमनच्या दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या, तान्ह्या बाळाचं डोकं घ्यावं तशा, आणि बुटांचे तळ जवळ आणून सगळ्यांना दाखवले. उजवा पुढे, डावा मागे. फरक चांगला दोन बोटांचा.

"पत्रं वाटून वाटून," तो हळू आवाजात म्हणाला, "यांचा डावा पाय आत ओढला गेलाय. पाय आखूड म्हणून कंबर तिरकी. कंबर तिरकी म्हणून पाठ तिरकी. पाठ तिरकी म्हणून मान तिरकी. आणि मान तिरकी असेल, तर नशीब सरळ कसं राहील?"

नशिबाचं वाक्य लोकांना फारच पटलं. पाठीचं पटवून घ्यायला निदान पाठ दुखावी लागते. नशीब तर सगळ्यांचंच दुखत असतं.

"आता डावा गुडघा जिकडे बरं वाटतं तिकडे, अगदी हळू न्या. मी थोडासा अडवतो. हां. श्वास सोडा आणि सगळंच सोडून द्या."

पोस्टमनने सगळंच सोडून दिलं. त्या माणसाने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही परके शब्द पुटपुटले, आणि मागे असलेला डावा बूट सरकत सरकत उजव्याच्या बरोबरीला आला. पोस्टमन उठला, जरा चालला आणि "हलकं वाटतंय" म्हणून डोळे पुसायला लागला. हॉलमधल्या निम्म्या लोकांनीही डोळे पुसले. उरलेले वाकून आपापल्या पायांची लांबी बघत होते.

दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मृदू जपानी हालचाल-उपचार. पाठ, मान, कंबर, गुडघे. ना औषध, ना सुई, ना वेदना.' खाली नावाच्या जागी 'सेन्सेई'. सेन्सेई म्हणजे जपानी भाषेत शिक्षक, एवढंच. पण तो शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचे 'सेनसाहेब' झाले. ते दर रविवारी सकाळच्या गाडीने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. जपानच्या कुठल्याशा डोंगरात त्यांचे गुरू होते. गुरूंचं वय पहिल्या रविवारी शंभर होतं, आणि पुढे ते महागाईसारखं वाढत गेलं.

मी वाचनालयासमोर चष्म्याचं दुकान चालवते. माणसाला दिसतं काय आणि असतं काय, यात किती अंतर पडू शकतं यावरच माझी चूल पेटते. त्यामुळे टाळ्या वाजवण्यात मी नव्हते. मी तिथे होते ती ताईमुळे. ताई रांगेत पोस्टमनच्या मागेच उभी होती.

ताई माझी थोरली बहीण. तिची आणि भाऊजींची बेकरी आहे. भाऊजी गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. कणीक तिंबणं, भट्टीत वाकणं, पावांचे गरम पत्रे उचलणं हे सगळं ताईचं. वर्षभर तिची कंबर धरलेली होती. ती दवाखान्यात गेली, तर तिथल्या डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "वजन उचलायचं नाही. विश्रांती घ्यायची." बेकरीवालीला वजन उचलू नको म्हणणं म्हणजे माशाला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखं. ताईने चार दिवस गोळ्या घेतल्या आणि पाकीट फळीवर ठेवून दिलं.

सेनसाहेबांनी मात्र तिला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. कणीक कुठल्या हाताने मळता, झोपता कुठल्या कुशीवर, सकाळी उठताना पहिलं काय दुखतं. मग तिचा पाय वाढवला. ताईचाही डावाच निघाला. ते करत असलेल्या हालचाली खरोखरच हळुवार होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ताईला बरं वाटलं, हेही खरं.

"मला दुखतंय हे खरं मानणारा पहिला माणूस भेटला बघ," ती घरी जाताना म्हणाली.

"दुखतंय हे तर मीही मानते."

"तू मानतेस, पण लगेच म्हणतेस डॉक्टरकडे चल. ऐकत कुठे बसतेस?"

मी विषय बदलला.

पुढच्या काही आठवड्यांत बेकरीचा नूरच पालटला. ताई ताठ चालायला लागली. भाऊजींनी स्वतःची कसलीच तक्रार नसताना स्वतःचाही पाय वाढवून घेतला. एका सकाळी मी पाव घ्यायला गेले तर ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सेनसाहेब म्हणतात, माझ्या कमरेत की अडकलीय."

"काय अडकलंय?"

"की. मी आधी म्हटलं, चावी कशी जाईल आत? मग त्यांनी समजावलं. की म्हणजे प्राणशक्ती. जपानी शब्द आहे."

"आणि निघाली का?"

"निघाली ना. आधी हात आडवा धरायला लावला आणि वरून दाबला, तर हात भसकन खाली. की मोकळी केल्यावर पुन्हा दाबला, तर हात जागचा हलला नाही. आता बोल."

हे मी स्वतः पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. पुढच्या रविवारी ती मी थेट सेनसाहेबांनाच विचारली.

"जपानी लोक घरात शिरतानाही बूट बाहेर काढतात असं ऐकलंय. तुम्ही तर बूट घालून टेबलावर झोपवता. चपला घालून आलेल्यांनाही परत पाठवता."

ते मंद हसले. "बाई, तळव्यांतून जमिनीची की वर चढते. बूट काढला की ती सांडते."

"मग तुम्ही अनवाणी कसे?"

"मी भरलेलो आहे," ते म्हणाले.

आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कुठेतरी की सांडून आले आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एखाद्याला दोन बोटं वाढल्याचं समाधान मिळत असेल तर माझं काय जातं? पण मग ताईची चप्पल निसटायला लागली. चालता चालता डावी चप्पल मागे राहायची आणि तिला कळायचंही नाही. पाऊल टाकलं की पंजा फटकन जमिनीवर आपटायचा. एका सकाळी उंबऱ्याला बोटं अडकून ती पत्र्यासकट पडली. गरम पाव सगळ्या फरशीवर पसरले. मी धावत गेले तेव्हा ती पाव गोळा करत होती आणि पोटरीला भाजलेलं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ताई, इथे दुखत नाही तुला?"

"नाही. ती बाजू जरा बधिर आहे. सेनसाहेब म्हणाले होते असं होईल. जुनं दुखणं वरून खाली उतरतं आणि बोटांतून बाहेर पडतं. जाताना बधिर करून जातं."

"आणि कुणाला दाखवायचं नाही, असंही म्हणाले असतील."

"दोन उपचार एकत्र केले की शरीर गोंधळतं," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं.

मोठ्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडून चष्मा नेतात. त्या दिवशी दुकान अर्धवट उघडं टाकून मी त्यांच्याकडे गेले. चप्पल, पंजा, बधिर पोटरी, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कमरेत दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते," त्या म्हणाल्या. "ती सरकून पायाच्या नसेवर बसली असणार. दुखत होतं तोवर नस ओरडत होती. आता पाऊल उचलत नाही, म्हणजे तिचा आवाज बसत चाललाय. हे बरं होण्याचं लक्षण नाही. तिला आणा. उशीर झाला तर पाऊल कायमचं असंच राहील."

मी ताईला हे शब्दशः सांगितलं. ती कणीक मळत होती. मळणं न थांबवता म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाला हात तरी लावलाय का? त्यांनी लावलाय."

"त्याने बुटाला हात लावलाय."

"पुरे. तुला सगळ्यांचीच टिंगल करायची असते."

भाऊजी म्हणाले, "रविवारी सेनसाहेबांनाच विचारू." म्हणजे चोरालाच विचारायचं, कुलूप नीट आहे का.

मग मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त गणिताचे शिक्षक. फळ्यासमोर इतके ताठ उभे राहायचे, की पोरांनी त्यांचं नाव 'काटकोन' ठेवलं होतं. ताई त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आजही त्यांच्या घरचा पाव ती स्वतः नेऊन देते. सरांबद्दल आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तरुणपणी मालट्रकखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ते कृत्रिम पाय लावतात. वर पँट, खाली मोजा आणि बूट. चालताना डावी बाजू किंचित उचलून टाकतात, इतकंच. नवख्या माणसाला वाटावं, सर जरासे लंगडतात.

मी सगळी हकीकत सांगितली. 

"मी जाऊन त्याच्याशी वाद घातला तर?" सर म्हणाले.

"ताई उठून निघून जाईल. मी घालून बघितलाय."

"हं. आणि मी नुसता रांगेत उभा राहिलो तर?"

"आणि त्याने पायाबद्दल विचारलं तर?" मी म्हणाले.

"मी खोटं एक अक्षर बोलणार नाही," सर म्हणाले. "त्याने विचारलं तर सांगेन, पाय नाही म्हणून. पँट वर करा म्हणाला तर करेन. जो माणूस पाय बरे करतो, त्याने निदान पाय आहे की नाही एवढं तरी बघावं. तेवढी संधी त्याला द्यायला हवी."

रविवारी सर आले. स्वच्छ इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. त्यांना बघून हॉलमध्ये कुजबुज झाली आणि लगेच थांबली. सर रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पण सेनसाहेबांची नजर त्यांच्या चालीवर केव्हाच पडली होती. लंगडणारा माणूस म्हणजे त्यांच्या दृष्टीने आयता वाढलेला घास.

"आजोबा, तुम्ही आधी या. डावा पाय ना?"

"डावाच," सर म्हणाले.

"मला इथूनच जाणवलं. किती वर्षांचं दुखणं?"

"फार जुनं. पायाची बोटं कधीकधी रात्री ठणकतात."

हे अगदी खरं होतं. सरांनी मला नंतर सांगितलं, की गेलेल्या पायाची बोटं आजही दुखतात. मेंदूला पाय गेल्याची बातमी पूर्णपणे पोचलेलीच नसते. पण तेव्हा हॉलमधल्या कुणाला हसावं की गप्प बसावं ते कळेना. पोस्टमनने तोंडावर हात ठेवला. ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिने एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

सर टेबलावर उताणे झाले. सेनसाहेबांनी बूट तळहातांवर घेतले. उजवा पुढे, डावा मागे. दोन बोटं.

"बघा," सेनसाहेब म्हणाले. "यांनी आयुष्यभर या पायावर राग धरलाय. पाय म्हणजे मुळं. मुळांवर रागावलेलं झाड वाढेल कसं? या पोटरीत की गोठून बसलीय. मला इथे," आणि त्यांनी डाव्या बुटाच्या वर हवेतच हात फिरवला, "उष्णता जाणवतेय. रक्त वाहायला लागलंय."

"कुठे?" सरांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"पोटरीत. जाणवतंय ना?"

"मला नाही जाणवत."

"जाणवेल. श्वास सोडा."

सरांनी श्वास सोडला. सेनसाहेबांनी डोळे मिटले, परके शब्द पुटपुटले, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत सरांचा कृत्रिम पाय दोन बोटं वाढला. सवयीने निम्म्या हॉलचे हात टाळीसाठी वर गेले आणि तिथेच थांबले. माझ्या मागे बसलेल्या शिंपिणीने शेजारणीला हळूच विचारलं, "म्हणजे तोही वाढतो होय?"

सेनसाहेबांनी डोळे उघडले. टाळ्या का आल्या नाहीत, ते त्यांना उमगेना. "चाला आजोबा. आता लंगडणं जाईल."

सर उठून बसले, टेबलाच्या कडेवरून पाय खाली सोडले आणि पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. खाली चामड्याचे पट्टे, धातूची नळी आणि नळीच्या टोकाला मोजा चढवलेलं रबरी पाऊल.

"हा कारखान्यात बनलाय," सर वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले. "राग, रक्त, की, यातलं काहीही बनवणाऱ्याने यात घातलेलं नाही. आता हा दोन बोटं वाढला असेल तर मला कारागिराकडे जावं लागेल. आधी हा दुसऱ्या पायाच्या मापाचा होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसायला लागला. सेनसाहेबांचा चेहरा सदऱ्याच्या रंगाचा झाला, पण माणूस कसलेला होता. "शरीर गेलं तरी पायाची की-आकृती शिल्लक असते," ते म्हणाले. "मी ती वाढवली."

आणि गंमत म्हणजे काही माना हललेल्या मी पाहिल्या. माणसाला एकदा विश्वास टाकायचा असला की तो तुटक्या खुंटीवरही कोट टांगतो.

"असेल," सर म्हणाले. "मग आता बूट काढून वाढवून दाखवा. माझा नको, कुणाचाही."

सेनसाहेबांनी कमरेचा पट्टा सारखा केला.

"मग मी बूट घालून दाखवतो. गल्लेवाले, तुम्ही झोपा."

भाऊजी नाइलाजाने टेबलावर झोपले. सरांनी त्यांच्या टाचा तळहातांवर घेतल्या आणि डावा पाय वाढवला. मग उजवा वाढवला. मग पुन्हा डावा. भाऊजी मान उचलून आपल्या पायांकडे बघायला लागले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

"जवळ या आणि माझ्या अंगठ्याकडे बघा," सर म्हणाले. "सगळे आखूड पायाकडे बघता, म्हणून फसता. युक्ती दुसऱ्या पायात आहे. टाच धरताना मी या बुटाची मागची कड अंगठ्याने थोडी ओढतो, आत्ता माझ्या उजव्या टाचेला जाणवलं तसं. बूट टाचेपासून सुटतो आणि पुढे येतो. पाय तिथेच, पण बूट लांब. साहजिकच शेजारचा आखूड दिसणार. मग श्वास सोडा, डोळे मिटा, काय हवं ते पुटपुटा, आणि सुटलेला बूट हळूच मागे ढकला. झाले दोन्ही सारखे. जोडीला दोन्ही पाय मिळून जरा एका बाजूला झुकवले की फरक आणखी छान दिसतो. चप्पल निसटते आणि अनवाणी पायावर काही चालत नाही, म्हणून बूट हवेत."

"पण माझा हात?" भाऊजी टेबलावरूनच म्हणाले. "आधी भसकन खाली गेला होता आणि नंतर हलला नाही."

"पहिल्यांदा कुठे दाबला होता?"

"मनगटावर."

"आणि नंतर?"

भाऊजींनी आठवून पाहिलं. "कोपराजवळ, वाटतं."

"दार कडेला धरून ढकललं की एका बोटाने उघडतं. बिजागरीजवळ ढकलून बघा, घाम येईल. तुम्हाला हे सातवीत शिकवलं होतं. तेव्हाही तुम्ही खिडकीबाहेरच बघत होता."

या गोंधळात मी ताईकडे वळले, तर तिची खुर्ची रिकामी. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, डाव्या पायातला बूट काढून.

"हसून झालं सगळ्यांचं?" तिने विचारलं.

"तुला कुणी हसत नाहीये."

"मला बरं वाटत होतं गं. ते खोटं नव्हतं." ती बूट हातात फिरवत होती. "मी पहाटे उठून सरळ उभी राहत होते. कुणीतरी माझी पाठ हातात घेतली होती. आणि तो नुसता बुटाशी खेळत होता?"

मी तिच्याशेजारी बसले.  मागून सर आले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"पोरी, बरं वाटलं ते खरंच वाटलं," ते म्हणाले. "पण पाऊल उचलत नाही, तेही तितकंच खरं. पहिलं खरं मानायचं आणि दुसरं मानायचं नाही, असं गणितात चालत नाही."

ताईने डावा पंजा उचलायचा प्रयत्न केला. घोट्यापासून खाली तो नुसता लोंबत राहिला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल. आत्ताच जाऊ."

तिला मी भाऊजींच्या हवाली केलं आणि पिशवी आणायला हॉलमध्ये परत गेले. हॉल रिकामा झाला होता. सेनसाहेब टेबलाचे पाय दुमडत होते. सरही माझ्या मागून आत आले.

"तुम्ही ही हालचाल खरंच शिकलात कुठे?" सरांनी विचारलं.

तो कमरेचा पट्टा सोडत होता. आता त्याचा आवाज तुमच्याआमच्यासारखा होता. "एका जपानी बाईंच्या वर्गात. जपानला नाही गेलो कधी. त्यांनी चांगलं शिकवलं होतं. दुखेल तिकडे ओढायचं नाही, बरं वाटतं तिकडे हळू न्यायचं, श्वास सोडायचा, सैल व्हायचं. आखडलेल्या स्नायूला बरं वाटतं. मी आधी तेवढंच करायचो. लोक म्हणायचे, एवढंच? आणि पुन्हा यायचे नाहीत. पाय वाढवायला लागलो तेव्हा रांग लागली." त्याने माझ्याकडे पाहिलं. "रांग तुम्ही लोकांनीच लावलीत, बाई."

"आणि पाऊल बधिर होतंय म्हणून सांगितलं, तेव्हा दवाखान्यात जा म्हणायला काय झालं होतं?" मी विचारलं.

 टेबल बगलेत मारून तो जिना उतरला. पुढे ऐकलं, की दुसऱ्या एका ठिकाणी तो आता तिबेटी झाला आहे.

ताईचं निदान डॉक्टरीणबाईंनी म्हटल्याप्रमाणेच निघालं. तपासताना त्यांनी आधी दरवाजा लोटून घेतला आणि हळूच विचारलं, "लघवी लागलेली कळते ना? बसायच्या जागी बधिर नाही ना?" कळत होतं, बधिर नव्हतं, तेवढं नशीब; नाहीतर तिथल्या नसाही दबल्या असत्या. शस्त्रक्रिया झाली. सर्जनने आधीच बजावलं होतं, की दुखणं जाईल, पण पावलाची हमी देता येत नाही. तसंच झालं. कंबर मोकळी झाली. पाऊल हळूहळू उचलायला लागलं, पण पूर्ण नाही. अजूनही ती घोट्याला आधाराचा पट्टा बांधून भट्टीसमोर उभी राहते. पत्रे आता भाऊजी उचलतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा उचलता उचलता मारतात.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाई ताईला व्यायाम शिकवत होत्या. ताई उताणी झोपलेली, गुडघे दुमडलेले. "जिकडे बरं वाटतं तिकडे दोन्ही गुडघे हळू न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी थोडं अडवते. आता श्वास सोडा आणि सैल सोडून द्या."

ताई चमकून उठायला बघू लागली. "हे तर तोच करायचा."

"करत असेल. चांगली गोष्ट आहे ही. जपानमधूनच आलीय. आखडलेल्या स्नायूंना बरं वाटतं, मानेला, खांद्याला. यापलीकडे काही नाही."

"मग फरक काय? त्याच्यात आणि तुमच्यात?" ताईने सरळच विचारलं.

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "याने नस सुटत नाही, हे मी तुम्हाला सांगतेय. आणि हे करूनही दुखलं, मुंग्या आल्या, काहीही वेगळं वाटलं, तर लगेच मला सांगायचं. कदाचित मी चुकत असेन."

ताई पुन्हा उताणी झाली. मग तिने गुडघे पुन्हा दुमडले.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं सार त्या बाईंच्या शेवटच्या वाक्यात आहे. हळुवार हात, गोड आवाज, दूरदेशीचं नाव, यांत वाईट काही नाही. बरं वाटलं तर ते खुशाल घ्या. पण ज्याच्या उपचाराने बरं वाटलं तर त्याची करामत, आणि बिघडलं तर तीही बरं होण्याचीच खूण, तो माणूस कधीच चुकू शकत नाही. आणि जो कधीच चुकू शकत नाही त्याच्या हाती आपलं अंग देऊ नका. त्याला विचारा, हे लागू पडत नाहीये असं आपल्याला कशावरून कळेल? नीट उत्तर मिळालं तर झोपा टेबलावर. नाही मिळालं तर उठा, आणि पाय उचलतोय तोवर चालायला लागा.